‘खेळण्यास हरकत नाही’ : शोकगीत की शोकांतिका?

खेळावरील चित्रपटांत डॉक्टर हे पात्र बहुधा फार थोडा वेळ पडद्यावर येते. त्याने गुडघा दाबून पाहावा, क्ष-किरणाचे चित्र उजेडात धरावे आणि दोनपैकी एक वाक्य उच्चारावे, एवढेच त्याचे काम असते. ‘याला खेळता येणार नाही’ हे एक वाक्य. ‘खेळण्यास हरकत नाही’ हे दुसरे. पहिल्या वाक्याने नायकाच्या वाटेत धोंड उभी राहते, दुसऱ्याने ती दूर होते आणि कथा पुन्हा मैदानाकडे धाव घेते. ते वाक्य उच्चारण्यापूर्वी त्या माणसाच्या मनात काय चालले होते, त्याच्या दारावर कोण कोण थाप मारून गेले होते, हे पाहण्यास कथेला सवड नसते.

आमच्या मते खरे नाट्य नेमके तेथेच आहे. जायबंदी खेळाडूला मैदानात उतरवण्यासाठी संघाच्या डॉक्टरवर येणारा दबाव हा अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडाजगताचा जुना आणि न सुटलेला प्रश्न आहे. या प्रश्नाला कलेने कितपत न्याय दिला, हे पाहावे म्हणून आम्ही दोन गाजलेले चित्रपट पुन्हा पाहिले आणि त्यांच्या शेजारी एका कॅथलिक विद्यापीठात घडलेली सत्यकथा ठेवून पाहिली. दोन्ही चित्रपट व्यावसायिक खेळाचे आहेत, सत्यकथा महाविद्यालयाची आहे. हा फरक का महत्त्वाचा, ते ओघात येईलच.

पहिला चित्रपट ऑलिव्हर स्टोन यांचा ‘एनी गिव्हन संडे’. १९९९ सालच्या या चित्रपटातला ‘मायामी शार्क्स’ हा अमेरिकन फुटबॉलचा संघ काल्पनिक आहे. हा आपल्या ओळखीचा फुटबॉल नव्हे. यात शिरस्त्राणे घातलेले धिप्पाड पुरुष एकमेकांवर सर्व शक्तीनिशी आदळतात. संघाचा अनुभवी डॉक्टर हार्वी मँड्रेक एका खेळाडूच्या मानेची गंभीर दुखापत तपासणीच्या चित्रांत पाहतो आणि ती दडवून ठेवतो. आणखी एक जबरदस्त धडक बसली, तर तो खेळाडू कायमचा पंगू होईल किंवा जिवानिशी जाईल. ऑली पॉवर्स हा तरुण डॉक्टर ते शोधून काढतो, प्रशिक्षकापुढे ठेवतो आणि मँड्रेकची हकालपट्टी होते.

एवढ्यावरच चित्रपट थांबता, तर तो दुष्ट डॉक्टर आणि सज्जन डॉक्टर यांची बाळबोध गोष्ट ठरला असता. स्टोन थोडे पुढे जातात, हे त्यांच्या श्रेयाला जमा केले पाहिजे. मँड्रेक आपली बाजू मांडतो तेव्हा ती केवळ लबाडाची सारवासारव वाटत नाही. ही माणसे खेळण्यासाठीच जगतात. तो आनंद त्यांच्यापासून हिरावून घेणारा मी कोण, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. त्याहून बोचणारी गोष्ट अशी, की सत्य कळल्यावरही तो खेळाडू थांबत नाही. एका विशिष्ट टप्प्यावर त्याला दहा लक्ष डॉलरचे बक्षीस मिळायचे असते. तो जबाबदारी स्वतःवर घेऊन कागदावर सही करतो, मैदानात उतरतो आणि शेवटी स्ट्रेचरवरून बाहेर नेला जातो.

याच चित्रपटातील आणखी एक लहानसा प्रसंग आम्हांला अधिक मोलाचा वाटला. पाठीच्या दुखण्याने खचलेला जुना नायक घरी पत्नीला सांगतो, की आता खेळ सोडावा असे वाटते. आणि ती त्याच्या थोबाडीत मारते. येथे ना डॉक्टर आहे, ना प्रशिक्षक, ना संघाची मालकीण. दबाव घरातच राहायला आला आहे, त्याच्याच ताटातून जेवतो आहे. एका चापटीत स्टोन यांनी जे सांगितले, ते मँड्रेकच्या लांबलचक भाषणांत सापडत नाही. परंतु चित्रपट हा धागा तेथेच सोडून देतो. स्टोन यांना गोंगाटाची हौस फार. आदळणाऱ्या देहांचे आवाज, संगीत आणि शिवीगाळ यांच्या कल्लोळात तपासणीच्या खोलीतील शांतता त्यांना फार वेळ सोसवत नाही.

दुसरा चित्रपट पीटर लँडेसमन यांचा ‘कन्कशन’, २०१५ सालचा. याचा नायक डॉ. बेनेट ओमालू ही खरी व्यक्ती आहे. नायजेरियात जन्मलेले, श्रद्धावान कॅथलिक, पिट्सबर्ग शहरात शवविच्छेदनाचे काम करणारे हे डॉक्टर. माइक वेबस्टर हा एकेकाळचा विख्यात फुटबॉलपटू २००२ साली वयाच्या पन्नासाव्या वर्षी भ्रमिष्ट आणि निराधार अवस्थेत मरण पावला. त्याच्या मेंदूची सूक्ष्म तपासणी ओमालूंनी केली आणि डोक्याला वर्षानुवर्षे बसलेल्या धक्क्यांनी मेंदूची कशी हानी होते, हे २००५ साली वैद्यकीय नियतकालिकात मांडले. बलाढ्य फुटबॉल लीगने त्यांना खोटे ठरवण्याचा प्रयत्न केला. विल स्मिथ यांनी ही भूमिका संयमाने केली आहे. पडद्यावरचा हा डॉक्टर शवांशी आदराने बोलतो, रविवारी चर्चला जातो, धर्मगुरूंच्या शब्दाखातर केनियातून आलेल्या एका तरुणीला घरात आश्रय देतो. आमच्या वाचकांना हे पात्र आपल्यातले वाटेल.

पण आमच्या विषयाच्या दृष्टीने या चित्रपटातले महत्त्वाचे पात्र ओमालू नव्हेत. ते आहेत डॉ. ज्युलियन बेल्स, पूर्वी पिट्सबर्गच्या संघाचे डॉक्टर असलेले. खेळाडूंना मैदानावर उभे ठेवण्यासाठी काय काय टोचले आणि गिळायला दिले जाई, याची कबुली ते ओमालूंपुढे देतात. आणि ते वैद्यक नव्हते, तो धंदा होता, हेही मान्य करतात. हा चित्रपटातील सर्वांत प्रामाणिक क्षण. दिग्दर्शकाने मात्र तो उपकथेसारखा वापरला. कबुली झाली, पापक्षालन झाले, आता सत्याच्या लढाईत सामील व्हा, अशी त्यांची घाई आहे. त्या डॉक्टरने पहिल्यांदा सुई हातात घेतली तो दिवस कसा होता, समोरचा खेळाडू काय म्हणाला होता, याचे दर्शन आपल्याला होत नाही.

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. ओमालूंचे शौर्य थोर आहे, पण त्यांचे रुग्ण मृत आहेत. मृत माणूस ‘डॉक्टर, एवढा एकच सामना खेळू द्या’ अशी विनवणी करीत नाही. संघाच्या डॉक्टरचा रुग्ण जिवंत असतो, तरुण असतो, डोळ्यांत पाणी आणून आर्जव करतो. शवागारातील सत्य निष्ठुर असले तरी एकटे असते. तपासणीच्या खोलीतील सत्याला गर्दीतून वाट काढावी लागते.

डॉक्टरवरील दबाव म्हटले, की साहित्याच्या अभ्यासकाला हेन्रिक इब्सेन यांचे ‘एनिमी ऑफ द पीपल’ हे १८८२ सालचे नाटक आठवणारच. गावाला वैभव देणाऱ्या स्नानगृहांचे पाणी दूषित आहे, हे तेथील वैद्यकीय अधिकारी डॉ. स्टॉकमन यांना कळते आणि ते सांगू पाहताच सारे गाव त्यांच्यावर उलटते. गावचा नगराध्यक्ष त्यांचा सख्खा भाऊ. सत्यजित राय यांनी १९८९ साली ‘गणशत्रू’ या चित्रपटात हेच कथानक बंगालमध्ये आणले आणि स्नानगृहांच्या जागी देवळाचे तीर्थ ठेवले. दबाव आप्तांच्या तोंडून बोलतो, हे इब्सेनला पुरते ठाऊक होते. तरीही स्टॉकमन यांना एक सोय आहे : ज्यांना ते वाचवू पाहतात ते सारे निनावी आहेत. ‘मला ते पाणी पिऊ द्या, नाहीतर माझे आयुष्य संपेल’ असे म्हणत कोणी त्यांचे पाय धरीत नाही. संघाच्या डॉक्टरचे नाटक याहून अवघड आहे आणि ते अद्याप कोणी लिहिले नाही.

आता महाविद्यालयाकडे वळू. व्यावसायिक खेळाडूशी करार असतो, त्याची संघटना असते, परका डॉक्टर गाठण्याइतका पैसा असतो. महाविद्यालयातील मुलाजवळ काय असते? त्याच्याजवळ एक शब्द असतो. ‘स्टुडंट-अ‍ॅथलीट’, म्हणजे विद्यार्थी-खेळाडू. ऐकायला किती निरागस! परंतु शब्दांची जन्मकथा तपासणे हे समीक्षेचे कामच आहे, आणि या शब्दाची जन्मकथा निरागस नाही. अमेरिकन महाविद्यालयीन क्रीडा संघटनेची स्थापना १९०६ साली झाली, तीच मुळी फुटबॉलच्या मैदानावरील मृत्यूंनी देश हादरल्यानंतर. १९५५ साली कोलोरॅडोतील एका महाविद्यालयाचा फुटबॉलपटू डोक्याला मार लागून मरण पावला. त्याच्या विधवेने कामगाराच्या वारसाला मिळते तशी नुकसानभरपाई मागितली. खेळाडू हा महाविद्यालयाचा नोकर नाही, असे म्हणून राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली ती नाकारली. त्याच काळात संघटनेने हा शब्द रूढ केला. संघटनेचे पहिले कार्यकारी संचालक वॉल्टर बायर्स यांनी १९९५ सालच्या आत्मवृत्तात त्यामागचा हेतू स्वतःच उघड केला : खेळाडूंना कोणी नोकर ठरवू नये, ही ती काळजी होती.

शब्दाच्या मागोमाग व्यवहार आला. १९७३ पासून क्रीडा शिष्यवृत्ती दर वर्षी नव्याने द्यावी असा नियम झाला, आणि एकाहून अधिक वर्षांची हमी देण्याची मुभा २०१२ पर्यंत नव्हती. म्हणजे गुडघा मोडला, तर पुढल्या वर्षी शिक्षण राहील की नाही, हे दुसऱ्याच्या मर्जीवर. दुसऱ्या बाजूला प्रशिक्षक. अमेरिकेतील अनेक राज्यांत सर्वाधिक वेतन घेणारा सार्वजनिक सेवक ना राज्यपाल असतो ना न्यायाधीश. तो सरकारी विद्यापीठाच्या फुटबॉल किंवा बास्केटबॉल संघाचा प्रशिक्षक असतो. या दोघांच्या मध्ये डॉक्टर उभा. संघाबरोबर तो प्रवास करतो, संघाचा गणवेश घालतो. आणि त्याला नेमणारा व काढणारा कोण, याचे उत्तर दीर्घकाळ बहुतेक ठिकाणी क्रीडा विभाग हेच होते. त्याला कोणी ‘खोटे सांग’ असा हुकूम सोडत नाही. ‘डॉक्टर, शनिवारपर्यंत होईल ना?’ एवढेच कोणीतरी हसत विचारतो.

ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवून आता हँक गॅदर्सची कथा पाहावी. फिलाडेल्फिया शहराच्या उत्तर भागातील गरिबांच्या सरकारी वसाहतीत तो वाढला. त्या वस्तीत काम करणारे फादर डेव्ह हेगन हे तेथील मुलांचे आधारस्तंभ होते. हँक आणि त्याचा जिवलग मित्र बो किंबल हे त्यांच्याच छायेत घडले. दोघे बास्केटबॉलच्या बळावर कॅलिफोर्नियात शिकायला गेले आणि एका वर्षानंतर लॉस एंजलिसच्या लॉयोला मेरीमाउंट विद्यापीठात आले. हे येशूसंघीय धर्मगुरूंच्या परंपरेतले विद्यापीठ. संत इग्नाती लोयोला यांचे नाव धारण करणारे. मुंबईतील येशूसंघीय महाविद्यालयांत शिकलेल्या आमच्या वाचकांना तेथील वातावरणाची कल्पना सहज करता येईल.

प्रशिक्षक पॉल वेस्टहेड हे इंग्रजीचे अध्यापक, शेक्सपिअरचे जाणकार. त्यांची खेळपद्धती म्हणजे अखंड धावणे : चेंडू हाती येताच काही सेकंदांत टोपलीकडे फेकायचा आणि लगेच प्रतिपक्षाला गाठायचे. १९८९-९० च्या हंगामात या संघाने सामन्यामागे सरासरी १२२.४ गुण केले. तो विक्रम ठरला. आदल्या हंगामात गॅदर्सने सरासरी ३२.७ गुण आणि १३.७ रिबाउंड मिळवून दोन्ही बाबतींत देशात पहिला क्रमांक पटकावला होता. व्यावसायिक संघ त्याच्याकडे डोळे लावून बसले होते. करार झाला, की सारे कुटुंब गरिबीतून बाहेर पडणार होते.

९ डिसेंबर १९८९ रोजी घरच्या मैदानावर तो अचानक कोसळला. तपासणीत हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडत असल्याचे आढळले. हृदयाला आवर घालणारे औषध सुरू झाले आणि तीन आठवडे उलटतात न उलटतात तोच तो पुन्हा खेळू लागला. औषधाने अंग जड होते, वेग मंदावतो, अशी त्याची तक्रार होती. औषधाची मात्रा टप्प्याटप्प्याने कमी करण्यात आली. ३ फेब्रुवारी १९९० रोजी लुइझियानाच्या बलाढ्य संघाविरुद्ध, शकील ओनीलसारखा महाकाय खेळाडू समोर असताना, त्याने ४८ गुण केले. जग म्हणाले, हँक परत आला.

४ मार्च १९९०. उपान्त्य सामना सुरू होऊन थोडाच वेळ झाला होता. उंच उडी मारून त्याने चेंडू टोपलीत दाबला, मागे फिरला आणि कोसळला. त्याच संध्याकाळी त्याचा मृत्यू झाला. वय २३. हृदयाच्या स्नायूचा विकार त्याच्या जिवावर बेतला होता.

यानंतरची गोष्ट जगाला पाठ आहे. स्पर्धा रद्द झाली. संघ राष्ट्रीय स्पर्धेत उतरला. हँकचे फ्री थ्रो चुकत, म्हणून तो ते डाव्या हाताने फेकू लागला होता. मित्राच्या स्मरणार्थ उजव्या हाताच्या किंबलने प्रत्येक सामन्यातील आपला पहिला फ्री थ्रो डाव्या हाताने फेकला आणि प्रत्येक वेळी तो टोपलीत पडला. आदल्या वर्षीच्या विजेत्या मिशिगन संघाला त्यांनी १४९-११५ असे हरवले. अखेर लास व्हेगासच्या संघापुढे त्यांची घोडदौड थांबली. या कथेवर १९९२ साली ‘फायनल शॉट’ हा दूरचित्रवाणीपट निघाला. २०१० साली ‘गुरू ऑफ गो’ हा माहितीपट आला, ज्याच्या शीर्षकातच प्रशिक्षक आहे. २०२० साली विद्यापीठाच्या क्रीडागृहाबाहेर हँकचा पुतळा उभा राहिला.

डाव्या हाताचा तो फ्री थ्रो पाहून आमचेही डोळे पाणावले, हे आम्ही लपवत नाही. मैत्रीची एवढी साधी आणि एवढी पवित्र खूण क्रीडाक्षेत्रात क्वचितच दिसते. परंतु समीक्षकाने डोळे पुसून पुन्हा पाहायचे असते. आणि पुन्हा पाहिले, तेव्हा आम्हांला जाणवले, की ही कथा जगाने शोकगीत म्हणून जतन केली आहे; शोकांतिका म्हणून तिच्याकडे पाहण्याचे टाळले आहे.

दोहोंत भेद आहे. शोकगीत मृत्यूला दैवाचा आघात मानते आणि आपल्याला अश्रूंतून सांत्वनाकडे नेते. शोकांतिका विचारते : कोणत्या क्षणी, कोणाच्या कोणत्या निर्णयाने पाऊल या वाटेवर पडले? अ‍ॅरिस्टॉटलने शोकांतिकेच्या नायकात दुष्टपणा शोधला नाही. त्याने प्रमाद शोधला, सज्जन माणसाच्या हातून घडणारी चूक. शेक्सपिअर शिकवणाऱ्या प्रशिक्षकाच्या संघाची ही कथा शोकांतिकेच्या मापाने मोजली जाऊ नये, हा दैवदुर्विलासच.

त्या मापाने मोजली, तर कथेचा मध्यबिंदू ४ मार्च नव्हे. तो डिसेंबरच्या अखेरीस आहे, जेव्हा ‘खेळण्यास हरकत नाही’ असे ठरले. आणि एक वस्तू त्या निर्णयाची साक्ष देते. विद्यापीठाने एक डिफिब्रिलेटर विकत घेतले होते. हृदयाची लय कोलमडली तर विजेचा झटका देऊन ती पूर्ववत करणारे यंत्र. ते सामन्यांच्या वेळी हाताशी ठेवले जाई. नाटककाराला याहून बोलकी वस्तू रंगमंचावर ठेवता आली नसती. परवानगीच्या शब्दांत जी शंका नव्हती, ती शंका मैदानाच्या कडेला पेटीत बंद करून ठेवलेली होती. ज्याच्यासाठी असे यंत्र जवळ ठेवावे लागते, त्याला धावायला पाठवावे काय, हा प्रश्न ते यंत्र प्रत्येक सामन्यात विचारीत होते.

मग दोषी कोण? खेळ मंदावू नये म्हणून औषध धोकादायक रीतीने कमी करण्यात आले, असा आरोप करीत कुटुंबाने ३.२५ कोटी डॉलरचा दावा लावला. विद्यापीठाने १४ लक्ष डॉलर आणि हृदयरोगतज्ज्ञाने १० लक्ष डॉलर देऊन तडजोड केली. मुख्य प्रश्न निकालापर्यंत पोहोचलाच नाही. म्हणून आम्हीही कोणा व्यक्तीवर बोट ठेवणार नाही. तसे करणे न्यायाचे होणार नाही आणि समीक्षेच्या दृष्टीनेही उथळ ठरेल. या कथेत मँड्रेकसारखा अहवाल दडवणारा खलनायक शोधण्याची गरजच नाही. एक प्रेमळ मुलगा आहे, जो खेळल्याशिवाय राहू शकत नाही; एक गरीब घर आहे, जे त्याच्या यशाची वाट पाहते; एक बुद्धिमान प्रशिक्षक आहे, ज्याची सारी कला वेगावर उभी आहे; एक लहान विद्यापीठ आहे, ज्याला प्रथमच कीर्तीचा स्पर्श होतो आहे. या सर्वांची इच्छा एकच. आणि ती इच्छा ज्याच्या सहीवर येऊन थांबते, तो एक डॉक्टर आहे. कोणीही वाईट नसताना वाईट घडते, हीच तर शोकांतिका.

तो ४ मार्चचा दिवस रविवार होता. उपवासकाळाचा पहिला रविवार. त्या दिवशी कॅथलिक मंदिरांत प्रभूच्या मोहाचे शुभवर्तमान वाचले जाते. त्यातील दुसरा मोह आपण जाणतो : मंदिराच्या शिखरावरून खाली उडी टाक, देवदूत तुला झेलतील. प्रभूने उडी टाकली नाही. विश्वास म्हणजे धोक्याकडे डोळेझाक नव्हे, हे त्या उताऱ्याने शतकानुशतके शिकवले आहे. येशूसंघाच्या विद्यापीठात त्याच दिवशी तो मुलगा कोसळावा, हा योगायोगच. पण तो विसरता येत नाही.

उलट बाजूचे एक उदाहरण दिले नाही, तर आमचे विवेचन अपुरे राहील. इलिनॉय राज्यातील एक बास्केटबॉलपटू १९९४ साली शाळेत असतानाच खेळताना कोसळला. त्याचे हृदय बंद पडले होते. तो वाचला, त्याच्या शरीरात डिफिब्रिलेटर बसवले गेले. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने त्याला शिष्यवृत्ती देऊ केली होती. तेथील संघाच्या डॉक्टरने निर्णय दिला, की याला खेळता येणार नाही. मुलाने दावा लावला. खालच्या न्यायालयाने मुलाची बाजू घेतली; वरच्या न्यायालयाने १९९६ साली विद्यापीठाची. पुरेशा वैद्यकीय आधारावर डॉक्टरने नकार दिला असेल, तर तो विद्यापीठाने मानणे रास्त आहे, असा या निकालाचा गाभा. पुढे तो मुलगा दुसऱ्या संस्थेत जाऊन खेळला.

या प्रकरणातील एक तपशील सहज निसटतो. विद्यापीठाने खेळण्यास मनाई केली, पण शिष्यवृत्ती कायम ठेवली. हा तपशील आम्हांला निकालाइतकाच मोलाचा वाटतो. कारण ‘नाही’ म्हणणाऱ्या डॉक्टरमागे संस्था उभी राहिली आणि त्या ‘नाही’मुळे मुलाचे शिक्षण बुडाले नाही. डॉक्टरला धैर्य दाखवण्याचा उपदेश करणे सोपे असते; त्याचे धैर्य रुग्णाला महाग पडू नये अशी व्यवस्था करणे अवघड. मुलगा मैदानासाठी रडला तर समजण्यासारखे आहे. फीसाठी रडण्याची पाळी त्याच्यावर येऊ नये.

नियम या दिशेने थोडे सरकले आहेत. जानेवारी २०१६ मध्ये अमेरिकेतील पाच सर्वांत बलाढ्य महाविद्यालयीन गटांनी ठरवले, की खेळाडूच्या प्रकृतीबाबत डॉक्टर व आरोग्य-प्रशिक्षक यांचा निर्णय अंतिम असेल, प्रशिक्षकाला तो फिरवता येणार नाही. कागदावर हे उत्तम. पण पैशाचा ओघ उलट वाढतो आहे. २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींतून कमाई करता येऊ लागली. १ जुलै २०२५ पासून विद्यापीठे त्यांना थेट पैसेही देऊ शकतात. मुलांना त्यांच्या श्रमाचे मोल मिळाले, हा न्यायच झाला. मात्र बाकावर बसलेल्या प्रत्येक आठवड्याची किंमत आता त्याच्याही खिशातून जाते. ‘डॉक्टर, खेळू द्या’ ही विनवणी यापुढे अधिक आर्त होईल, कमी नाही.

दोन धन्यांची सेवा करता येत नाही, असे शुभवर्तमान सांगते. संघाच्या डॉक्टरला आपण नेमके तेच करायला लावतो आणि तो चुकला, की त्याच्यावर चित्रपट काढतो. ‘एनी गिव्हन संडे’ त्याला हाकलून मोकळा होतो, ‘कन्कशन’ त्याला क्षमा करून मोकळा होतो. दोन्ही चित्रपट पाहण्याजोगे आहेत, यात शंका नाही. पण ज्या खुर्चीवर तो बसला होता ती खुर्ची कोणी मांडली, हे दोघेही विचारीत नाहीत. हे विचारणारी कलाकृती येईल, तेव्हा तिच्यात गोंगाट कमी असेल. एक खोली, एक टेबल, एक मुलगा, एक डॉक्टर आणि दाराबाहेर थांबलेली पावले, एवढे तिला पुरेल.

तोवर आपण आपल्या अंगणात पाहू. आपल्या धर्मग्रामांतील मुले-मुलीही खेळतात. क्रीडा-कोट्यातून महाविद्यालयात प्रवेश मिळवतात. सणाच्या स्पर्धांत पायाला पट्टी बांधून उतरतात. तेथे लाखो डॉलर नसतात, बहुधा डॉक्टरही नसतो. परवानगी देणारे आपणच असतो : बाप, मामा, संघाचा कप्तान, शेजारचे अंकल. ‘जरासे दुखतेय, पण चालेल’ असे पोर म्हणते, आणि आपल्यालाही तो सामना हवाच असतो. त्या क्षणी आपण उच्चारणार असलेले वाक्य आपले आहे की आपल्या हौसेचे, एवढे तपासून पाहावे. फ्री थ्रो डाव्या हाताने फेकणारा मित्र मिळणे हे भाग्य खरे. पण तशी वेळच येऊ न देणारा मोठा माणूस जवळ असणे, हे त्याहून मोठे भाग्य होय.